जहाजावरून दिसलेला किनारा

सुरत आणि मुंबई या दोन ठाण्यांमधील किनारा सतराव्या शतकातील इंग्रजांच्या नित्याच्या वाटेवरचा होता. या वाटेवरून गेलेल्यांनी लिहून छापलेल्या ग्रंथांपैकी दोन आजही अभ्यासकांच्या हाती असतात. कंपनीचा शल्यवैद्य जॉन फ्रायर याने १६७२ ते १६८१ या काळातील आपल्या प्रवासाचा वृत्तांत १६९८ मध्ये लंडनला छापला. पाद्री जॉन ओव्हिंग्टन याचे सुरतेच्या सफरीचे पुस्तक त्याच्या दोन वर्षे आधी निघाले होते.

या ग्रंथांचे मोल मोठे आहे. १६७४ मध्ये रायगडी हजर असलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडन याच्या वकिलातीची आणि राज्याभिषेकाची हकीकत फ्रायरच्या ग्रंथात आहे. मुंबईत युरोपियनाचे आयुष्य दोन पावसाळ्यांचे, ही त्या काळची म्हण ओव्हिंग्टनने नोंदली. आपल्या वसाहतीची दैना लपविण्याचा प्रयत्न या लेखकांनी केला नाही.

तथापि साक्षीदार प्रामाणिक असला, तरी तो कोठे उभा होता हे विचारावेच लागते. या लेखकांचे लक्ष बंदर, किल्ला, वखार आणि मालाचा भाव यांवर होते. डहाणूचा किनारा तेव्हा पोर्तुगीजांकडे होता. १७३९ मध्ये तो मराठ्यांनी जिंकला. त्या किनाऱ्यामागे, आजच्या तलासरी तालुक्यातील उधव्यासारख्या गावांच्या रानात नांदणाऱ्या वारल्यांची ओळख करून घ्यावी, असे व्यापाऱ्याला तेथे काय होते?

म्हणून ते जग नव्हते असे नाही. लग्नाचा चौक लिहिला जात असता धवलेरी जी गाणी म्हणते, त्यांत त्या समाजाची स्मृती पिढ्यान् पिढ्या राहिली आहे. १९४५ मध्ये याच परिसरातील वारल्यांनी वेठबिगार नाकारली. त्या लढ्याची कहाणी गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाने १९७० मध्ये मराठी वाचकांपुढे ठेवली. फ्रायरचा ग्रंथ छापून झाल्याला तेव्हा पावणेतीनशे वर्षे होत आली होती.

छापलेले तेवढेच घडलेले, असे मानण्याची सवय आपल्या शाळांनाही जडली आहे. फ्रायर अवश्य शिकवावा. मात्र उधव्यातील विद्यार्थ्याने त्याच वहीत आपल्या आजीचे गाणेही उतरवून घ्यावे. गाणारी गेली की ते पान कोणत्याही ग्रंथालयात मिळणार नाही.