नाव जुने, राज्य नवे

चंद्रपूरच्या अंचलेश्वर दरवाजाजवळ गोंड राजा बीरशहा याची समाधी आहे. ती राणी हिराईने बांधविली. समाधीची धाटणी मकबऱ्याची, राजाच्या नावातील ‘शहा’ हे पद फारसी, आणि राजा गोंड. हा राजवंश इराणी होता असे कोणी म्हणणार नाही. परंतु राजपद मिरविण्याची एक रीत त्याने मुसलमानी दरबारांच्या वाटेने इराणकडून घेतली, हेही नाकारता येत नाही. मग वारसा कशाने ठरतो, रक्ताने की राज्यव्यवहाराने?

हाच प्रश्न एके काळी कॉन्स्टँटिनोपलच्या ग्रंथकारांपुढे वेगळ्या रूपाने उभा होता. 1055 मध्ये सेल्जुक तुर्कांचा सुलतान तुघ्रिल बगदादेत शिरला आणि 1071 मध्ये मांझिकर्टच्या लढाईत बायझंटाइन सम्राट तुर्कांच्या हाती सापडला. या नव्या शत्रूला काय म्हणावे? हिरोडोटसवर पोसलेल्या पंडितांनी जुनेच नाव वापरले: ‘पारसिक’. बाराव्या शतकात राजकन्या आना कोम्निनी हिच्या ग्रंथात तुर्क वारंवार पारसिक म्हणून येतात. पंधराव्या शतकातील क्रिटोबुलोस तर उस्मानी सुलतानांचे कूळ प्राचीन इराणी राजांपर्यंत नेऊन भिडवितो.

वंशावळ म्हणून हे सर्व खोटे आहे. तथापि ते निव्वळ अज्ञानही नव्हे. सेल्जुकांचा वजीर निजामुल्मुल्क इराणी होता आणि राज्यकारभारावरील त्याचा ‘सियासतनामा’ फारसीत आहे. आनातोलियातील त्यांच्या सुलतानांनी कैखुस्रव, कैकुबाद ही इराणी पुराणपुरुषांची नावे धारण केली. राज्यव्यवहाराच्या दृष्टीने ‘पारसिक’ हे नाव बरेचसे खरे होते. मात्र कळपांसह येऊन नव्या मुलखात वस्ती करणारी तुर्क कुटुंबे त्या नावात मावत नव्हती.

आपल्याकडेही याहून वेगळे घडले नाही. ‘यवन’ म्हणजे मूळचे आयोनियन ग्रीक. ‘शिवभारता’त तोच शब्द विजापूरकरांसाठी येतो. त्याच काळात रघुनाथपंत हणमंते यांनी ‘राज्यव्यवहारकोश’ रचून कारभारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. ज्यांना यवन म्हणून दूर लोटले, त्यांचीच परिभाषा दप्तरात किती खोल मुरली होती याची साक्ष तो कोश देतो. नावाने परकेपण सांगितले. दप्तराने वारसा सांगितला.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या बाबतीत असे पुस्तकी नाव म्हणजे ‘दंडकारण्य’. ते उच्चारले की ऋषी, राक्षस आणि झाडी डोळ्यांपुढे येतात. राज्य येत नाही. वस्तुतः येथे चार दरवाजांचा परकोट उभारणारी, तलाव बांधणाऱ्यास जमीन देण्याची रीत जिच्याविषयी सांगितली जाते अशी, शेती आणि महसूल जाणणारी सत्ता नांदत होती. 1751 मध्ये नागपूरकर भोसल्यांनी ती खालसा केली. 1982 मध्ये गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी या भूभागाची ओळख ‘अरण्य’ या एका शब्दातून सुटलेली नाही.

याचा परिणाम केवळ इतिहासापुरता राहत नाही. ज्यांच्या पूर्वजांनी राज्य केले त्यांना केवळ वनवासी मानले, की त्यांच्या जमिनीचा आणि जंगलाचा निर्णय त्यांना न विचारता घेणे सोपे जाते. बायझंटाइन पंडितांनी निदान शत्रूला राज्यकर्त्याचे नाव दिले होते. आपण आपल्याच माणसांना तेवढाही मान देऊ नये, हे विचार करण्यासारखे आहे.