तुटलेला कान

इंदापूरहून बारामतीला परत येत होते. गळीत हंगाम ऐन भरात होता. निमगाव केतकी मागे पडलं, अंथुर्णे गेलं आणि पुढे दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर लागला. मागच्या ट्रॉलीला दिवा नव्हता, रिफ्लेक्टरवर चिखल बसलेला. ओलांडून पुढे जाताना कडेला लोंबणारा ऊस माझ्या गाडीच्या डाव्या दिव्यावर आपटला. खाडकन आवाज झाला, पण दिवा विझला नाही. फक्त तेव्हापासून त्या बाजूचा उजेड थरथरायला लागला. प्रत्येक खड्ड्याला तो झाडांवर चढायचा आणि परत रस्त्यावर यायचा.

सकाळी पाहिलं तर काचेला चराही नव्हता. दिव्याच्या मागे, बॉडीला बोल्टनं धरून ठेवणारा अंगठ्याएवढा प्लॅस्टिकचा कान तुटला होता. सर्व्हिस सेंटरमध्ये गेले. तिथल्या मुलानं वाकून पाहिलं, संगणकात नंबर टाकला आणि सांगितलं, कान वेगळा मिळत नाही, पूर्ण असेंब्ली टाकावी लागेल. दिव्याचे एकतीस हजार, शिवाय बंपर खोलायची मजुरी, आणि माल यायला दोन-तीन आठवडे. मुलगा नम्र होता, त्याचा काही दोष नव्हता. त्याच्या यादीत कान नावाची वस्तूच नव्हती.

गावातल्या एका ओळखीच्या ड्रायव्हरनं मग मला इंदापूर रस्त्यावरच्या एका दुकानात पाठवलं. अण्णा म्हणतात त्यांना सगळे. बाहेर बोर्ड ऑटो इलेक्ट्रिशियनचा. आत बॅटऱ्या, वायरिंगचे गुंडाळे आणि भिंतभर मांडणीवर हेडलाइट. फुटलेले, पिवळे पडलेले, अर्धवट उघडलेले. अण्णांनी माझ्या दिव्यामागे बोट घातलं, चाचपलं आणि म्हणाले, "ताई, कान गेलाय फक्त. बाकी दिवा सोन्यासारखा आहे." संपादकांना मी हे सगळं वैतागून सांगितलं, तर ते म्हणाले, मग त्या दुकानात दोन दिवस बसा आणि लिहा. म्हणून हा लेख.

इतिहास थोडक्यातच सांगते, पण त्यातला एक धागा याच रस्त्यावरचा आहे. जंक्शन नावाच्या गावावरून आत वळलं की वालचंदनगर लागतं. इंदापूर तालुक्याच्या माळरानावर साखर कारखाना उभारून ज्यांनी ते गाव वसवलं, त्याच वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. पुढे तिचीच पद्मिनी आली, वाटोळ्या डोळ्यांची. ते गोल दिवे म्हणजे एका मोठ्या सोयीचं भारतीय रूप होतं. अमेरिकेनं 1940 पासून सगळ्या मोटारींना सात इंची गोल दिव्याचं एकच माप घालून दिलं आणि तो गोल दिवा जगभर पसरला. आपल्याकडे जीप, अँबॅसडर, ट्रक, सगळ्यांचे डोळे गोल. कुठल्याही तालुक्याच्या गावात, कुठल्याही दुकानात दिवा मिळायचा. मग हॅलोजन आला. 1971 मध्ये एच-4 नावाचा दोन तारांचा बल्ब आला, एक तार अप्परची, एक डिपरची. तो आजही लाखो गाड्यांत आहे आणि दोन-अडीचशे रुपयांत मिळतो. पुढे काच जाऊन पॉलिकार्बोनेट आलं. ते हलकं, हव्या त्या आकारात वळणारं. त्याबरोबर प्रत्येक गाडीच्या दिव्याचा आकार वेगळा झाला. एकाचा दिवा दुसऱ्याला बसेना.

अण्णांकडे मी जे पाहिलं ते मात्र सावकाश सांगायला हवं.

आधी बंपर निघाला. नऊ क्लिपा, सहा स्क्रू, चाकाच्या कमानीतले दोन. माझ्या गाडीत दिव्याचा खालचा बोल्ट बंपरच्या आड आहे, त्यामुळे दिवा बाहेर काढायचा तर नाकच उतरवावं लागतं. कपलर सुटला, दिवा टेबलावर आला. अण्णांनी तुटका कान माझ्याकडे मागितला. मी बोनेटमध्ये अडकलेला तो तुकडा टाकून दिला नव्हता, हे ऐकून त्यांचा चेहरा उजळला. तुकडा असेल तर तोच जोडतात. नसेल तर मांडणीवरच्या मेलेल्या दिव्यातून त्याच जातीचं प्लॅस्टिक कापून नवा कान घडवतात. त्या भिंतीवरचा तो पसारा म्हणजे त्यांचं सुट्या भागांचं कोठार आहे हे मला तेव्हा कळलं.

प्लॅस्टिकची जात ओळखणं हे पहिलं काम. दिव्याच्या मागच्या डब्याचं प्लॅस्टिक वेगळं, पुढच्या काचेचं वेगळं. डब्यावर कुठेतरी बारीक अक्षरांत ते कोरलेलं असतं. अण्णा चष्मा कपाळावर सरकवून, दिवा नाकाजवळ नेऊन ते वाचतात. त्याच जातीची पट्टी नसेल तर जोड धरत नाही, थंड झाला की टक्कन सुटतो. मग सोल्डरिंगच्या गरम टोकानं तड्याच्या दोन्ही बाजूंना खाच पाडली, आत स्टीलची बारीक तार नागमोडी वळवून वितळत्या प्लॅस्टिकमध्ये दाबून बसवली आणि वरून पट्टी वितळवून भरली. घाई नाही. एक थर, फुंकर, थांबणं, पुन्हा थर. तार आत गेली की कान पूर्वीपेक्षा मजबूत होतो म्हणतात. "पण फार मजबूत करायचा नाही," ते म्हणाले. पुढच्या वेळी काही आपटलं तर कान तुटावा, काच आणि रिफ्लेक्टर वाचावा, म्हणून तर तो नाजूक ठेवलेला असतो. एवढा विचार करून घडवलेली वस्तू सुटी विकायचं मात्र माझ्या गाडीच्या कंपनीला सुचलं नाही, याचं मला राहून राहून वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी एका जुन्या गाडीचा दिवा उघडायचा होता. आत पाणी शिरलेलं. काच आणि डबा यांच्या सांध्यात काळा, चिकट, रबरासारखा पदार्थ असतो. तो गरम केला की मऊ पडतो. अण्णा हीट गन कडेकडेनं फिरवत होते आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी काच किती तापली ते पाहत होते. जास्त तापली तर काच वाकडी होते, कमी तापली तर कड तुटते. दहा-बारा मिनिटांनी सांधा सैल झाला आणि चिंगमच्या तारांसारख्या काळ्या तारा ओढत काच वेगळी झाली. आतल्या रिफ्लेक्टरच्या चकाकीला त्यांनी बोट लावू दिलं नाही. कापडसुद्धा नाही. तो थर इतका पातळ असतो की पुसला तरी जातो, आणि गेला की उजेड गेला.

त्या दिव्यात कुणीतरी बाजारातला एलईडी बल्ब घातला होता. तो काढून अण्णांनी माझ्या हातात एक साधा एच-4 ठेवला आणि आत बघायला सांगितलं. डिपरच्या तारेखाली चमच्यासारखी पत्र्याची इवली वाटी आहे. खाली जाणारा उजेड ती अडवते, म्हणून डिपरचा झोत वर उडत नाही. सगळा रिफ्लेक्टर त्या एका तारेच्या जागेचा हिशेब धरून घडवलेला. एलईडीचा ठिपका त्या जागी, त्या मापाचा नसेल तर उजेड चौफेर फाकतो. घालणाऱ्याला वाटतं रस्ता लख्ख झाला. समोरून सायकलवर येणाऱ्याला काहीच दिसत नाही. या रस्त्यावर रात्री बैलगाड्या असतात, पाणी धरायला निघालेले शेतकरी असतात, आषाढीच्या आधी तुकोबांच्या पालखीबरोबर चालणारे वारकरी असतात. अण्णा असे बल्ब विकत नाहीत. गिऱ्हाईक परत गेलं तरी नाही.

पिवळ्या पडलेल्या काचेचं काम सोपं आणि स्वस्त. उन्हानं वरचा संरक्षक थर जळतो. पाण्याच्या कागदानं घासायचं, आधी भरड, मग बारीक, मग पॉलिश, आणि शेवटी उन्हापासून वाचवणारा नवा थर. तो थर दिला नाही तर काही महिन्यांत काच परत पिवळी. पुष्कळ ठिकाणी तो देत नाहीत.

आता अडचणी. पहिली विम्याची. खऱ्या काचेच्या भागांवर विमा कंपनी घसारा कापत नाही, पण प्लॅस्टिकच्या भागांवर गाडी नवी असली तरी निम्मी रक्कम कापते. आपण ज्याला हेडलाइटची काच म्हणतो ते प्लॅस्टिक आहे. म्हणजे तीस हजारांच्या दिव्याला पंधरा हजार, त्यातून छोट्या गाडीचे सक्तीचे एक हजार वजा. शिवाय क्लेम घेतला की नो क्लेम बोनस शून्यावर. पाच वर्षं क्लेम न घेता तो पन्नास टक्क्यांपर्यंत चढलेला असेल तर एका दिव्यापायी तो घालवायचा का, हा हिशेब प्रत्येकानं कागदावर मांडावा. झिरो डेप घेतलेलं असेल तर घसारा वाचतो, पण जुन्या गाडीला ते मिळणं अवघड होत जातं, आणि तालुक्यात गाड्या जुन्याच जास्त.

दुसरी अडचण मालाची. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात येऊ देत नाहीत म्हणून स्पर्धा आयोगानं ऑगस्ट 2014 मध्ये 14 मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींवर दंड ठोठावला होता. प्रकरण पुढे कोर्टकचेरीत गेलं. केंद्र सरकारनं 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढलं, त्यात मोटारीही आहेत आणि शेतीची अवजारंही. हे सगळं चांगलंच झालं. पण अण्णांच्या टेबलापर्यंत त्यातलं काही पोचलेलं मला दिसलं नाही. त्यांच्याकडे आजही एक तर कंपनीचा पूर्ण दिवा येतो, नाही तर लोकल, ज्याचा फोकस पहिल्या पावसाळ्यातच हलतो, नाही तर मुंबईत कुर्ल्याच्या भंगार बाजारातून शोधून आणलेला जुना.

तिसरी अडचण सगळ्यांत मोठी आहे. मांडणीच्या एका फळीवर स्वच्छ फडक्यात गुंडाळलेले तीन दिवे वेगळे ठेवले होते. तिन्ही एलईडी. यात बल्ब नसतोच. चिप प्लेटला जोडलेली, मागे उष्णता खेचायला धातूच्या पाकळ्या, बाजूला ड्रायव्हरचं सर्किट. चिप गेली की कंपनीकडून बदलायला वेगळी मिळत नाही. हॅलोजनची ऊब पुढे यायची आणि काचेवरचं दव वाळवायची. एलईडीची उष्णता मागे जाते, म्हणून दव तसंच राहतं आणि सर्किटपर्यंत झिरपतं. काही गाड्यांत तर दुसऱ्या गाडीचा चालू दिवा आणून बसवला तरी पेटत नाही. संगणक लावून गाडीला त्याची ओळख करून द्यावी लागते, आणि तो संगणक कंपनीकडे. बारामतीच्या एमआयडीसीत तीनचाकी आणि स्कूटर बनतात, चाकणला हेडलाइटचे कारखाने आहेत, आणि इकडे इंदापूर रस्त्यावर तीस वर्षं दिवे उघडणारा माणूस एका चिपेपुढे थांबतो.

अण्णांनी हार मानलेली नाही. मोबाइल दुरुस्त करणाऱ्या शेजारच्या पोराकडून ते सर्किट वाचायला शिकताहेत. त्यानं एका दिव्याची चिप बदलूनही दिली. ती अकरा दिवस चालली.

संध्याकाळी माझी गाडी बाहेर काढली. समोरच्या गोदामाच्या भिंतीवर अण्णांनी खडूनं रेघा आखल्या आहेत, दहा मीटरवरून. डिपरच्या झोताची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा दहा सेंटिमीटर खाली बसली पाहिजे आणि डावीकडे किंचित वर चढली पाहिजे, म्हणजे आपल्या कडेचा माणूस दिसतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. त्यांनी दिव्यामागचा स्क्रू अर्धा फेरा फिरवला, मागे येऊन पाहिलं, पुन्हा पाव फेरा. मग स्टिअरिंगशेजारचं शून्य ते तीन आकड्यांचं चाक दाखवलं. मागे पोती भरली की गाडीचं नाक वर होतं, तेव्हा ते फिरवून झोत खाली घ्यायचा. सहा वर्षं मी ती गाडी चालवतेय आणि त्या चाकाला कधी हात लावला नव्हता. कानाचे त्यांनी नऊशे रुपये घेतले.

पैसे देत होते तेवढ्यात फोन वाजला. निमगाव केतकीचे एक पानमळेवाले होते, फडक्यातल्या तीनपैकी एक दिवा त्यांचा. पहाटे पानं घेऊन निघावं लागतं, महिनाभर भावाची गाडी वापरताहेत. अण्णा म्हणाले, "दादा, दुसरी चिप मागवलीय. आली की बसवून बघतो. एका दिव्यावर अंधारात काढू नका गाडी." फोन ठेवला, तो दिवा फडक्यातून काढला, काचेतलं दव उजेडाकडे धरून पाहिलं आणि परत गुंडाळून फळीवर ठेवला.