खाजगी वैमानिकाचा परवाना

१० फेब्रुवारी १९२९ रोजी जहांगीर रतनजी दादाभाई टाटा या चोवीस वर्षांच्या तरुणाला वैमानिकाचा परवाना मिळाला. हिंदुस्थानात दिल्या गेलेल्या अशा परवान्यांपैकी तो पहिला. त्याचा क्रमांकही एकच होता. त्या काळी आपल्याकडील फ्लाइंग क्लबांतून जी लहान विमाने असत, ती बहुधा डी हॅविलँड कंपनीची ‘मॉथ’ जातीची. मॉथ म्हणजे दिव्यावर झेपावणारा पतंग. आणि गंमत अशी की, उर्दूत त्याच पतंगाला ‘परवाना’ म्हणतात. शब्दांचा हा योगायोग मोठा मनोरम आहे. परंतु दिव्यावर झेपावण्याची वृत्ती मात्र वैमानिकाच्या परवान्यात बसत नाही, हे पुढे दिसून येईलच.

विमान चालविणारा म्हटला की, आपल्या डोळ्यांपुढे सोनेरी पट्ट्यांचा गणवेश केलेला, शेकडो उतारूंना घेऊन जाणारा कॅप्टन उभा राहतो. खाजगी वैमानिक हा त्याहून निराळा. तो डॉक्टर असेल, कारखानदार असेल, नाहीतर पुढे विमान कंपनीत जाऊ इच्छिणारा विद्यार्थी असेल. आपल्या देशात हा परवाना नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाकडून मिळतो, आणि त्यासाठीच्या अटी सामान्य माणसाला वाटतात तितक्या दुर्लंघ्य नाहीत. वय निदान सतरा वर्षांचे हवे, दहावीपर्यंतचे शिक्षण हवे, आणि मान्यताप्राप्त वैद्याने प्रकृतीचा निर्वाळा दिलेला हवा. विमानविषयक नियम, दिशानिर्धारण, हवामानशास्त्र आणि विमान व त्याचे इंजिन या विषयांत लेखी परीक्षा द्यावी लागते. नियंत्रण मनोऱ्याशी बोलण्यासाठी रेडिओ वापरण्याचा परवाना वेगळा घ्यावा लागतो.

खरी कसोटी अर्थातच आकाशातली. एकूण निदान चाळीस तासांचे उड्डाण पदरी असावे लागते. त्यांतील काही तास शिक्षक शेजारी नसताना, एकट्याने काढावयाचे असतात. एके दिवशी शिक्षक विमानातून खाली उतरतो, दार लावून घेतो आणि ‘आता तुम्ही जा’ असे म्हणतो. शेजारचे आसन रिकामे झाल्यामुळे विमान हलके होते व नेहमीपेक्षा लवकर जमीन सोडते. तो हलकेपणा शिकाऊ वैमानिकाला सुखाचा वाटतो की धास्तीचा, हे ज्याच्या त्याच्या स्वभावावर अवलंबून! त्यानंतर येतो तो एकट्याने करावयाचा दूरचा प्रवास. त्याचे निदान पाच तास भरावे लागतात, आणि त्यांत एक फेरी अशी हवी की, जिची लांबी १५० सागरी मैल, म्हणजे सुमारे २७८ किलोमीटर भरेल, व जिच्यात दोन निरनिराळ्या विमानतळांवर उतरून विमान पूर्ण थांबविले जाईल. नकाशा, होकायंत्र आणि घड्याळ यांच्या साहाय्याने नदीची वळणे, लोहमार्ग, तळी ओळखीत जाण्याची ही विद्या आहे. खालची नदी आपल्याला हवी तीच असावी, असे मनाला फार वाटत असते, आणि म्हणूनच ती दुसरीच निघण्याचा संभव मोठा.

इतके झाल्यावर पदरात काय पडते? हा परवाना ज्याच्यापाशी आहे, तो त्यात नोंदलेल्या प्रकारच्या विमानाचा प्रमुख म्हणून उड्डाण करू शकतो. अलीकडचा सराव असल्याची अट पाळून आप्तमित्रांना बरोबर घेऊ शकतो. मात्र त्याबद्दल त्याने मोबदला घेता कामा नये. तिकीट लावून उतारू नेणे किंवा पगारावर विमान चालविणे, यासाठी व्यावसायिक परवाना हवा. त्याला वय अठरा, बारावीपर्यंत पदार्थविज्ञान व गणित आणि दोनशे तासांचे उड्डाण लागते. ही सीमारेषा मला अगदी रास्त वाटते. मित्र आपल्या मित्राचा स्वभाव जाणून त्याच्या शेजारी बसतो. तिकीट काढणाऱ्या परक्या माणसाला तशी पारख करता येत नाही. त्याच्या वतीने ती शासनाला करावी लागते.

याहून महत्त्वाची मर्यादा मात्र ढगांची आणि अंधाराची आहे. मूळ परवाना हा दिवसा, डोळ्यांनी पाहून उडण्याचा. रात्रीच्या उड्डाणासाठी आणि केवळ उपकरणांवर विसंबून उडण्यासाठी वेगळे शिक्षण व वेगळी नोंद लागते. दृष्टीच्या आधाराने उडणाऱ्याला खालच्या थरांत निदान पाच किलोमीटरपर्यंतचे दिसले पाहिजे, आणि ढगापासून त्याने आडवे दीड किलोमीटर व उभे हजार फूट अंतर राखले पाहिजे. ऐन पावसाळ्यात सह्याद्रीच्या माथ्यावर असा योग किती दिवस येतो, याची कल्पना घाट चढलेल्या कोणालाही करता येईल.

हा नियम कागदी नव्हे. त्याचे मूळ आपल्या कानात आहे. अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकार नलिकांमधल्या द्रवावरून शरीराला वळण कळते. परंतु वळण संथ आणि दीर्घ असले की, तो द्रव नलिकांच्या गतीशी जुळून जातो, आणि विमान कलते असूनही आपण सरळ चाललो आहोत असे वाटू लागते. क्षितिज दिसत असेल तर डोळे ही चूक दुरुस्त करतात. ढगात ते दिसत नाही. विमान कलते, नाक खाली जाते, वेग वाढतो. वैमानिक नाक वर घेण्यासाठी दांडा ओढतो, आणि त्यामुळे वळण अधिकच आवळत जाते. १९५४ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात उपकरणांवर उडण्याचा अनुभव नसलेल्या वीस जणांवर याचा प्रयोग झाला. बाहेरचे दिसेनासे केल्यावर त्या सर्वांच्याच हातून विमानाचा ताबा सुटला. त्याला लागलेला सरासरी वेळ होता १७८ सेकंद. म्हणजे तीन मिनिटेसुद्धा नाहीत!

जॉन एफ. केनेडी यांच्या त्याच नावाच्या पुत्राचा अपघात याच जातीचा. १६ जुलै १९९९ च्या रात्री ते पत्नी व मेहुणीला घेऊन स्वतःच्या लहान विमानाने मार्थाज व्हिनयार्ड बेटाकडे निघाले होते. त्यांच्यापाशी खाजगी परवाना होता, उपकरणांची नोंद नव्हती. अमेरिकेच्या नियमांप्रमाणे रात्रीचे ते उड्डाण त्यांच्या परवान्याच्या कक्षेत बसत होते. पण खाली काळे पाणी, वर काळे आकाश आणि मध्ये धुरकट हवा, अशा स्थितीत क्षितिज हरपले, आणि विमान समुद्रात कोसळून तिघेही मृत्युमुखी पडले. दिशाभ्रमामुळे ताबा सुटला, असा निष्कर्ष चौकशीअंती काढण्यात आला. परवान्यावर लिहिलेली हद्द आणि त्या रात्रीची त्या वैमानिकाची हद्द या दोन वेगळ्या होत्या.

म्हणूनच चांगले शिक्षक शिकाऊ वैमानिकाला आरंभीच माघारी वळावयास शिकवितात. ढग समोर दिसताच सावकाश, न घाबरता, उंची न सोडता अर्धे वर्तुळ घ्यावयाचे आणि आलो त्याच वाटेने परत फिरावयाचे. इलिनॉयच्या त्या वीस जणांनाही प्रयोगाच्या पुढल्या भागात हेच वळण उपकरणांकडे पाहून घेण्यास शिकविण्यात आले होते.