पाणी उतरल्यावर

पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघालो, की यवत, चौफुला, वरवंड, पाटस अशी दौंड तालुक्यातली गावे एकामागून एक येतात. कुरकुंभ मागे पडले की डाव्या हाताला, शेतांच्या पलीकडे, उजनी धरणाने अडवलेले भीमेचे पाणी पसरत जाते. राजेगाव आणि खानोटा ही दौंडच्या कडेची गावे याच फुगवट्याच्या काठाला आहेत. पुढची भिगवण, डिकसळ, कुंभारगाव इंदापूर तालुक्यातली. हिवाळ्यात शनिवार-रविवारी पहाटेपासून तिथे शहरातल्या गाड्या येऊ लागतात आणि एरवी चिलापीसाठी जाळी टाकणारे कोळी प्रवाशांना होडीत घेऊन रोहित पक्षी दाखवायला निघतात.

पहिल्या खेपेला मी नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच गेलो होतो. पाणी काठोकाठ आणि पक्षी तुरळक. नावाडी म्हणाला, "पाणी उतरल्याबिगर पाखरू बसत नाय, साहेब. जानेवारीत या." त्या वेळी मला ती समजूत घालणारी भाषा वाटली. पुढे कळले, की या जलाशयाचे सगळे गणित त्या एका वाक्यात आहे.

रोहित चोच उलटी करून चिखलमिश्रित पाणी गाळतो आणि त्यातले सूक्ष्म जीव टिपतो. पाय कितीही लांब असले तरी खोल पाण्यात तो सहसा चरत नाही. त्याला हवा असतो उथळ, गाळाचा काठ. पावसाळ्याच्या शेवटी उजनी भरलेली असताना तो काठ पाण्याखाली असतो. रब्बीची आवर्तने सुरू झाली, कालव्यांना पाणी सुटले, की पातळी वीत-वीत खाली सरकते आणि मैलोगणती चिखल उघडा पडतो. तेव्हा कच्छकडून आलेले रोहित उतरतात, थापट्या बदके गाळ चाळू लागतात, हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब काठच्या पिकांत चरतात. आपण ज्याला पक्ष्यांचा मोसम म्हणतो तो असा कालव्यांच्या वेळापत्रकावर ठरतो. सोलापूरकडच्या शेतकऱ्याच्या उसाला पाणी मिळते, म्हणून खानोट्याच्या काठाला गुलाबी रांग दिसते.

उघड्या पडलेल्या जमिनीवर माणसेही उतरतात. गाळपेर म्हणतात तिला. ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यांच्यातलेच कितीतरी जण पाणी हटताच कडवळ, मका, हरभरा टाकतात. पक्षी पाहायला आलेला माणूस दुर्बिणीतून बघताना मध्ये आलेल्या त्या शेतावर वैतागतो, हे मी ऐकले आहे. मला तो वैताग पटत नाही. त्या मातीवर पहिला हक्क कोणाचा, हे विसरून तिथे जाऊ नये.

कारण या भागात सहलीसाठी तळे कोणीच बांधले नाही. सिंहगडापासून पूर्वेला धावणारी भुलेश्वराची डोंगररांग यवतच्या आसपास बुटकी होत जाते आणि पुढचा सारा प्रदेश पर्जन्यछायेचा. इथे पाणी अडवण्याची धडपड किती जुनी आहे, ते शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला दिसते. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या जोर्वे संस्कृतीच्या गावात घरे आणि धान्याच्या कणग्या तर सापडल्याच, पण दोनशे मीटरांहून लांब बांध आणि त्याच्याकडेने खोदलेला पाण्याचा चरही सापडला. शिरूरहून सहलीला निघालेल्या मुलांना मी आधी इनामगाव दाखवीन.

मग १८७६ ते ७८चा दुष्काळ. दौंड-मनमाड लोहमार्ग दुष्काळी मजुरांच्या हातांनी उभा राहिला आणि दौंड जंक्शन झाले. यवतजवळचा, मुठा उजव्या कालव्यावरचा माटोबा तलाव, तसेच शेजारच्या तालुक्यांतले शिर्सुफळ आणि भादलवाडीचे तलाव याच काळातल्या दुष्काळी कामांतले. सरकारचे दुष्काळ-प्रतिनिधी रिचर्ड टेम्पल यांनी मजुरी माणशी दिवसाला सुमारे एक पौंड धान्यावर आणली, तेव्हा १८७७च्या आरंभी मजुरांनी कामे सोडून निषेध केला आणि पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. आज भादलवाडीच्या पाण्यातल्या बाभळींवर चित्रबलाक घरटी करतात, म्हणून लोक कॅमेरे घेऊन जातात. त्या बांधाची माती कोणी, किती पोटावर वाहिली, हे कळायला तिथे एखादी पाटी हवी.

घोडवरचे चिंचणीचे धरण १९६५चे, सुमारे तीस मीटर उंच आणि तीन किलोमीटरहून लांब. शिरूरकरांना हे जवळचे पाणी. पक्ष्यांची गर्दी उजनीइतकी नाही. शांतता मात्र भरपूर आहे. वेळ असेल तर टाकळी हाजीकडून कुकडीचे पात्र ओलांडून निघोजला जावे. प्रवाहात गरगर फिरणाऱ्या दगडगोट्यांनी काळ्या बेसॉल्टमध्ये कोरलेले रांजणखळगे उन्हाळ्यात मोकळे दिसतात. पावसाळ्यात त्या खडकावर पाय ठेवू नये. तिथला जोर काठावरून कळत नाही.

उजनीची गोष्ट मोठी. १९६९ला काम सुरू झाले, १९८०ला संपले; क्षमता ११७ टीएमसी. त्यातले निम्म्याहून अधिक, सुमारे ६३ टीएमसी, मृत साठ्यात मोडते. त्यामुळे उन्हाळ्यात पातळी त्या साठ्यात उतरली, की वर्तमानपत्रांत 'उजनी उणे' असा मथळा येतो. २०२४च्या उन्हाळ्यात ती उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेली. पाणी असे फार उतरले, की पळसदेवचे बुडालेले पळसनाथाचे देऊळ वर येते आणि त्याभोवतीही सहल भरते. ज्यांचे गाव उठले ती म्हातारी माणसे मात्र तिथे फोटो काढायला येत नाहीत. ती दर्शनाला येतात.

आता एक गोष्ट, जी पुण्याच्या वाचकाला सांगितलीच पाहिजे. मुळा-मुठा शहरातून निघून दौंडच्या वाळकीजवळ भीमेला मिळते. समोरच्या काठावर शिरूरचे रांजणगाव सांडस. हीच भीमा दोन्ही तालुक्यांची शीव. पुण्याचे सांडपाणी त्याच वाटेने उजनीत पोहोचते. गावे त्या पाण्यावर जगतात, कोळी त्यात जाळे टाकतात आणि आपण रविवारी त्याच्यामागून शंभर किलोमीटर येऊन पक्षी बघतो. मला हे पाहून संताप येतो. पाणी साफ करून सोडणे शहराला अशक्य नाही, आणि त्याची किंमत जलपर्णीत अडकलेल्या होड्यांनी चुकवण्याचे काही कारण नाही.

जाणार असाल तर जानेवारी-फेब्रुवारीत जा, सुट्टीचा दिवस टाळून, उजाडण्याआधी. होडी स्थानिक कोळ्याचीच घ्या आणि थवा उडताना बघायचा हट्ट धरू नका. उडवलेला पक्षी चरायचा थांबतो, आणि परतीच्या प्रवासासाठी त्याला ते खाणे हवे असते. गेल्या खेपेला आमच्या नावाड्याने थव्यापासून बऱ्याच अंतरावर वल्हे थांबवले, मग तेच उभे करून पाण्यात खाली सोडले. कमरेएवढ्या खोलीवर ते टेकले. "इथं आमचा मळा होता," तो म्हणाला. "विहीर त्या तिकडं, ती पाखरं उभी हायेत ना, तिथं."