विश्लेषण : डाव शिकायचा की सोडतीत काढायचा? ‘डेव्हिल मे क्राय’च्या मोबाइल गेमवर चाहते का रुसले?

सातारा/सांगली : जपानच्या कॅपकॉम कंपनीची ‘डेव्हिल मे क्राय’ ही ॲक्शन गेममालिका २००१ मध्ये प्लेस्टेशन २ वर सुरू झाली. सातारा, कराड, सांगली, मिरजेत महागडे कन्सोल घरात असलेली मुले मोजकीच. त्यामुळे इथल्या जुन्या चाहत्यांची या मालिकेशी ओळख झाली ती बहुधा सायबर कॅफेतल्या किंवा मित्राच्या संगणकावर, तिसऱ्या-चौथ्या भागाच्या वेळी. जानेवारी २०२४ मध्ये ‘डेव्हिल मे क्राय : पीक ऑफ कॉम्बॅट’ हा तिचा मोबाइल अवतार जगभर आला, तोही फुकट. चाहत्यांना आनंद व्हायला हवा होता. झाला, पण निम्माच.

गेममध्ये वाईट काय आहे?

लढाई वाईट नाही, हे टीकाकारही मान्य करतात. चीनच्या नेब्युलाजॉय कंपनीने कॅपकॉमच्या परवान्याने हा गेम बनवला आहे. तलवारीचे वार, शत्रूला हवेत उडवून तिथेच झोडपणे, हे सगळे फोनच्या काचेवर बऱ्यापैकी जमले आहे. तक्रार आहे ती पात्रे मिळण्याच्या पद्धतीवर.

मूळ गेममध्ये दान्ते हा नायक एकच. तो एकामागून एक शस्त्रे मिळवतो आणि लढता लढता बदलतो. कोणत्या क्षणी कोणते शस्त्र काढायचे, ही खेळाडूच्या हाताची करामत. तिच्यावर गेम ‘डी’पासून ‘एसएसएस’पर्यंत श्रेणी देतो आणि ती श्रेणी वाढवण्यासाठी लोक एकच टप्पा शंभरदा खेळतात. मोबाइल गेममध्ये मात्र वेगवेगळ्या शस्त्रांचे वेगवेगळे दान्ते आहेत. त्यातले भारी दान्ते मिळतात सोडतीतून.

कुस्तीच्या या पट्ट्यात हा राग समजायला अवघड नाही. तालमीत घाम गाळून धोबीपछाड शिकलेल्या पैलवानाला सांगितले, की यापुढे धोबीपछाड मारणारा तू वेगळा, ढाक मारणारा वेगळा आणि त्यातला कोणता तू आज आखाड्यात उतरणार हे चिठ्ठी काढून ठरेल, तर तो काय म्हणेल? चाहत्यांचे म्हणणे साधारण तेच आहे. ‘फुकट मिळतोय तर खेळा, चिठ्ठी काढायची सक्ती कुठे आहे’ असे म्हणणारेही आहेत. त्यांचे अगदीच चूक नाही, पण कसबावर उभ्या असलेल्या मालिकेला हे उत्तर पुरत नाही.

ही सोडत म्हणजेच ‘गाचा’

जपानमध्ये दुकानांबाहेर नाणे टाकून मूठ फिरवायची यंत्रे असतात. आतून गोल डबी पडते, तिच्यात कोणते खेळणे निघेल ते आधी कळत नाही. मूठ फिरल्याचा आवाज ‘गाचा’, डबी पडल्याचा ‘पॉन’, त्यावरून ‘गाचापॉन’. फोनवर तेच यंत्र आले, फक्त नाण्याच्या जागी हिरे, स्फटिक, तिकिटे आली. रुपयांचे हिरे, हिऱ्यांची तिकिटे असे दोन-तीनदा रूपांतर होते आणि एका खेपेला नेमके किती रुपये गेले, हे डोक्यात राहत नाही. हा योगायोग समजण्याचे कारण नाही.

म्हाडाच्या सोडतीत नाव लागले नाही तर अनामत परत मिळते. गाचात ती सोय नाही.

गणितही फसवे आहे. दुर्मीळ पात्र मिळण्याची शक्यता १ टक्का असेल तर १०० खेपांत ते मिळणारच, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक खेप नव्याने सुरू होते. अशा सोडतीत १०० जणांनी प्रत्येकी १०० खेपा केल्या, तर त्यातले साधारण ३७ जण रिकाम्या हाताने उठतील. २०० खेपांनंतरही सुमारे १३ जणांना काही मिळालेले नसेल. म्हणून कंपन्या ‘पिटी’ नावाची हमी ठेवतात. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ या लोकप्रिय गेममध्ये पंचतारांकित पात्राची मूळ शक्यता ०.६ टक्के आहे आणि ९० खेपांत एक मिळण्याची हमी आहे. मात्र ते हवे तेच पात्र असेल, असे नाही. आणि हमी जवळ आली, की आणखी दहा खेपांचे पैसे भरायचा मोह वाढतो.

असा रोष याआधीही?

‘डायब्लो’च्या चाहत्यांनी तो सर्वात मोठ्याने व्यक्त केला. २०१८ च्या ब्लिझकॉन मेळाव्यात नव्या मोठ्या गेमची वाट पाहणाऱ्यांना ‘डायब्लो इमॉर्टल’ हा मोबाइल गेम दाखवला गेला. सभागृहातून नाराजी उमटली तेव्हा ‘तुमच्याकडे फोन नाहीत का?’ असा प्रश्न मंचावरून आला आणि तो पुढे वर्षानुवर्षे चेष्टेचा विषय झाला. जून २०२२ मध्ये आलेल्या या गेमला मेटाक्रिटिकवर खेळाडूंनी १० पैकी १ गुणही दिला नाही. तरी त्याने कमाई भरपूर केली.

‘नियर रीइन्कार्नेशन’ची कथा वेगळी. त्यातली गोष्ट आणि संगीत चाहत्यांना आवडले होते. पण एप्रिल २०२४ च्या अखेरीस सर्व्हर बंद झाले आणि पैसे मोजून मिळवलेली पात्रेही गेली. जुन्या गेमची सीडी कपाटात तरी राहते.

कायदा काय म्हणतो?

जपानने २०१२ मध्ये ‘कोंपू गाचा’ हा प्रकार बंद पाडला. त्यात ठरावीक पात्रांचा पूर्ण संच जमवला तरच मोठे बक्षीस मिळत असे. बेल्जियमने २०१८ मध्ये पैशांच्या लूट बॉक्सना जुगार ठरवले. अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये ‘गेन्शिन’च्या कंपनीने २ कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. १६ वर्षांखालील मुलांना पालकांच्या संमतीशिवाय लूट बॉक्स न विकण्याची अटही तिने स्वीकारली.

भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला. त्याचा मुख्य रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. गाचात जिंकलेले पात्र रुपयांत परत मिळत नसल्याने तो या व्याख्येच्या कडेला उभा राहतो. तोवर आधार आहे तो ॲप स्टोअरच्या नियमांचा : सोडतीतल्या शक्यता खेळाडूला आधी दाखवणे ॲपल आणि गुगल या दोघांनीही बंधनकारक केले आहे. बहुतेक गेममध्ये त्या सोडतीच्या पडद्यावरील ‘डिटेल्स’ किंवा ‘रेट्स’ या छोट्या बटणामागे सापडतात.

घरातला फोन मुलांच्या हाती जात असेल, तर गुगल प्लेच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी लावता येते. यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ची यादी पाहावी, कारण महिन्याचे पास तिथून आपोआप कापले जाऊ शकतात. चुकून खरेदी झाली तर ४८ तासांच्या आत गुगल प्लेकडे परताव्याची मागणी करता येते. त्यानंतर सहसा गेमच्या कंपनीकडेच दाद मागावी लागते.