नियतकालिकाचा काळ

दैनिक, साप्ताहिक, पाक्षिक, मासिक, त्रैमासिक व वार्षिक हे शब्द आपण नेहमी ऐकतो. या सर्वांना मिळून ‘नियतकालिक’ असे म्हणतात. हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. ‘नियत’ म्हणजे ठरलेला. ज्याचा प्रसिद्धीचा काळ आधी ठरलेला असतो, ते नियतकालिक. ग्रंथ केव्हाही प्रसिद्ध झाला तरी चालतो. लेखकाला त्यासाठी दोन वर्षे लागोत की दहा, वाचक त्याला जाब विचारीत नाही. नियतकालिकाचे तसे नसते. त्याचा पहिला अंक हाती पडताच दुसरा केव्हा येणार हे वाचकास कळलेले असते आणि त्या दिवशी तो त्याची वाट पाहू लागतो. तेव्हा अंक किती दिवसांनी काढावा, हा प्रश्न वरवर पाहता लहान वाटला, तरी नियतकालिकाचे जीवनमरण पुष्कळ अंशी त्यावरच अवलंबून असते.

कोणी म्हणेल, यात विचार तो काय करावयाचा? जितके अंक अधिक, तितका वाचकाचा लाभ अधिक. मग सर्वच पत्रे रोज का निघू नयेत? परंतु अंक काढणाऱ्यास चार गोष्टी पाहाव्या लागतात. सांगण्यासारखा मजकूर किती आहे, तो लिहिणारी व तपासणारी माणसे किती आहेत, कागद व छपाई यांसाठी द्रव्य किती आहे आणि वाचकाला वाचण्यास सवड व घेण्यास ऐपत किती आहे, या त्या चार गोष्टी होत. यांपैकी एकही उणी पडली, तर उरलेल्या तिन्ही असूनही पत्र चालत नाही.

मराठी वृत्तपत्रांचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. बाळशास्त्री जांभेकर यांनी मुंबईत ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ हे पहिले मराठी वृत्तपत्र सुरू केले. महाराष्ट्रात ६ जानेवारी हा दिवस पत्रकार दिन म्हणून पाळला जातो, तो यामुळेच. ‘दर्पण’ आरंभी पंधरा दिवसांनी निघत असे. त्या काळी वृत्तपत्र ही वस्तूच आपल्या लोकांस नवी होती. वर्गणीदार किती मिळतील याचा अंदाज बांधणे कठीण होते. शिवाय मजकूर मराठी व इंग्रजी अशा दोन भाषांत द्यावयाचा होता. काही महिने पाक्षिक चालवून पाहिल्यावर त्याच वर्षीच्या मे महिन्यापासून ते साप्ताहिक झाले. आधी बेताचे पाऊल टाकावे, पायाखालची जमीन पक्की आहे असे दिसताच चाल वाढवावी, हा धडा आपल्या पहिल्या वृत्तपत्रानेच घालून दिला आहे. पुढे १८४० साली याच बाळशास्त्रींनी ‘दिग्दर्शन’ हे मासिक काढले. त्यात भूगोल, इतिहास, पदार्थविज्ञान अशा विषयांची माहिती येई. बातमी आठ दिवसांत शिळी होते. शास्त्रीय ज्ञान महिन्याने वाचले तरी ताजेच राहते. एकाच संपादकाने दोन प्रकारच्या मजकुरांसाठी दोन निरनिराळे काळ निवडले, यात केवढा विवेक आहे, हे सहज ध्यानात येईल.

आठवड्याचा काळ आपल्या लोकांच्या अंगवळणी पूर्वीपासूनच पडलेला होता. गावोगावचा बाजार आठवड्याने भरतो. त्यामुळे साप्ताहिकाची वाट पाहणे वाचकास जड गेले नाही. भाऊ महाजन यांच्या ‘प्रभाकर’ या साप्ताहिकातून लोकहितवादींची ‘शतपत्रे’ १८४८ ते १८५० या काळात प्रसिद्ध झाली. समाजाच्या दोषांवर बोट ठेवणारे हे विचार एकदम एका जाड ग्रंथातून पुढे आले असते, तर ते किती जणांनी वाचले असते, कोण जाणे. परंतु ती पत्रे एकामागून एक आली. एका पत्राचा विचार मनात मुरतो न मुरतो तोच दुसरे पत्र येई. थेंबे थेंबे तळे साचे, हा न्याय विचारांनाही लागू पडतो. हरिभाऊ आपटे यांनी १८९० साली सुरू केलेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकाचीही हीच गोष्ट. त्यांच्या कादंबऱ्या त्यातून प्रकरणाप्रकरणाने प्रसिद्ध होत. पुढे काय झाले असेल, या उत्सुकतेत वाचकाचा आठवडा जाई. वाट पाहणे हाही वाचनाच्या आनंदाचा एक भाग आहे. मात्र ती वाट इतकी लांबू नये की मागचे प्रकरण विसरून जावे.

ज्या लेखनास सखोल चिंतन लागते, त्यास महिन्याचा काळ मानवतो. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी १८७४ साली ‘निबंधमाला’ हे मासिक सुरू केले. ते सात वर्षे चालले व त्याचे एकंदर ८४ अंक निघाले. त्यातील बहुतेक सर्व मजकूर त्यांच्या एकट्याच्या लेखणीतून उतरला होता, आणि त्यातील पुष्कळसा काळ ते शिक्षकाची नोकरीही करीत होते. हेच पत्र त्यांनी साप्ताहिक म्हणून काढले असते, तर एकट्याच्या बळावर ते कसे चालले असते? आणि चालले असते, तरी त्या निबंधांना आलेली घोटीव शैली आली असती काय? संशोधनाला तर महिनाही अपुरा पडतो. जुना मोडी कागद मिळवावा, तो वाचावा, त्यातील तिथी ताडून पाहावी, दुसऱ्या कागदाशी तो मेळ खातो की नाही हे तपासावे, आणि मगच त्यावर चार ओळी लिहाव्यात, अशी ती रीत. म्हणूनच पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने आपल्या नियतकालिकासाठी त्रैमासिकाचे रूप पत्करले, यात नवल नाही.

एकदा ठरविलेला काळ कायमचाच असतो असे मात्र नव्हे. ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ साली पुण्यास साप्ताहिक म्हणून निघाले आणि १९०४ साली दैनिक झाले. ‘केसरी’चा पहिला अंक मंगळवार, ४ जानेवारी १८८१ रोजी निघाला. तेव्हापासून कित्येक वर्षे मंगळवार म्हटला की ‘केसरी’ हे समीकरण लोकांच्या मनात ठसले होते. पुढे तो आठवड्यातून दोनदा, नंतर तीनदा निघू लागला आणि १९६२ साली दैनिक झाला. साप्ताहिकाचे दैनिक करणे म्हणजे केवळ एकाचे सात अंक करणे नव्हे. बातमीदार वाढवावे लागतात, रात्रपाळीची माणसे ठेवावी लागतात, छपाई उत्तररात्री पुरी करून पहाटे अंक रवाना करावे लागतात. एवढी तयारी असेल, तरच दैनिकाच्या वाटेस जावे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पत्रांचा इतिहास या प्रश्नाची दुसरी, अधिक कठीण बाजू दाखवितो. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ व ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ अशी दोन पाक्षिके त्यांनी सुरू केली. त्यांच्यापाशी सांगण्यासारखे पुष्कळ होते आणि ते ऐकण्याची समाजाला निकडही होती; उणीव होती ती द्रव्याची व साहाय्यकांची. ज्यांच्यासाठी पत्र काढावयाचे, त्यांतील बहुसंख्यांना शिक्षणाची संधीच नाकारलेली होती आणि वर्गणी देण्याची ऐपतही थोड्यांचीच होती. ‘बहिष्कृत भारता’चे पुष्कळसे लेखन बाबासाहेबांना स्वतःच करावे लागे. अखेर १९२९ साली ते बंद पडले. तथापि १९३० साली ‘जनता’ हे पत्र निघाले. तेही आरंभी पाक्षिक होते व पुढे साप्ताहिक झाले. साधने अपुरी असली तरी ध्येय सोडू नये. साधनांस झेपेल अशा बेताने पुन्हा आरंभ करावा, ही शिकवण यातून मिळते.

अंक फार लवकर काढण्यात एक धोका असतो. पाने भरलीच पाहिजेत, म्हणून संपादक जे मिळेल ते छापू लागतो. न तपासलेली वार्ता, न शिजलेला विचार आणि पूर्वी येऊन गेलेलाच मजकूर यांनी पाने भरतात. पण वाचकाचा विश्वास मात्र रिता होत जातो. फार उशिरा अंक काढण्यातही दुसरा धोका आहेच. वाचक पत्राला विसरतो आणि लेखकाची लेखणी गंजते. या दोहोंपेक्षाही मोठा दोष म्हणजे अनियमितपणा. दर महिन्यास नेमका येणारा अंक, कधी आठ दिवसांनी तर कधी तीन महिन्यांनी येणाऱ्या अंकापेक्षा केव्हाही अधिक वाचला जातो. शासनानेही या नियमितपणाची दखल घेतली होती. १८९८ च्या टपाल कायद्यात वृत्तपत्र म्हणून नोंदणी होण्यासाठी त्याच्या दोन अंकांत ३१ दिवसांहून अधिक अंतर असू नये, अशी अट होती.

आता हाच विचार आपल्या शाळेतील भित्तिपत्रकास लावून पाहा. समजा, एका अंकात आठ लेख मावतात आणि सुट्ट्या व परीक्षा वगळता वर्षात तीस आठवडे हाती राहतात. अंक साप्ताहिक ठरविला, तर २४० लेख लागतील. वर्गात चाळीस विद्यार्थी असले, तरी मनापासून लिहिणारे दहाच निघाले, तर प्रत्येकास चोवीस लेख लिहावे लागतील. हे कसे साधावे? अंक पाक्षिक केला, तरी प्रत्येकाच्या वाट्यास बारा लेख येतात. तोच दर चार आठवड्यांनी काढला, तर सात अंकांसाठी ५६ लेख पुरतात, म्हणजे प्रत्येकी पाच किंवा सहा. एवढे लेखन नेटके करता येईल, शिक्षकांस ते तपासता येईल आणि सुवाच्य अक्षरात उतरवून काढण्यासही वेळ मिळेल. माझ्या अध्यापनाच्या काळात मी अशी अनेक भित्तिपत्रके पाहिली. जूनमध्ये मोठ्या उत्साहाने साप्ताहिक म्हणून लागलेली कित्येक पत्रके गणेशोत्सव येण्यापूर्वीच थांबत. त्यांच्या फळ्यावरचा शेवटचा अंक उन्हाने पिवळा पडे, तरी त्याच्या जागी दुसरा येत नसे. महिन्याने निघणारी पत्रके बहुधा वर्षअखेरपर्यंत टिकत. त्यांतील एक युक्ती ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पहिला अंक लावण्यापूर्वीच पुढील दोन अंकांचा मजकूर जमवून ठेवावा. एखादा लेखक आजारी पडला किंवा परीक्षा जवळ आली, तरी मग अंक चुकत नाही.

आज साधने विपुल झाली आहेत. खिळे जुळविण्याचे कष्ट राहिले नाहीत, आणि कोणालाही वाटेल त्या क्षणी आपले म्हणणे जगापुढे मांडता येते. परंतु साधनांचा वेग वाढला म्हणून विचार पिकण्याचा वेग वाढत नाही, आणि वाचकाचा दिवसही चोवीस तासांचाच राहतो. म्हणून अंथरूण पाहून पाय पसरावेत, हा जुना उपदेश लेखन प्रसिद्ध करणाऱ्यानेही पाळावा. आपली शक्ती, आपला विषय व आपला वाचक यांचा नीट विचार करून काळ ठरवावा. आणि एकदा ठरविल्यावर तो वाचकास दिलेला शब्द आहे असे मानून पाळावा. अंक लहान असला तरी चालेल, पण ठरल्या दिवशी तो वाचकाच्या हाती पडला पाहिजे.