दिवा मंद करायचा, तो कुणाच्या हातानं?

मित्रहो, आजचा विषय बिनतारी डिमर. तत्त्वज्ञानवाल्यांचं यात काय काम, असं कुणी विचारेल. पण उजेड किती हवा आणि तो कुणाच्या हाती असावा, हा प्रश्न आपल्या सगळ्यांचाच आहे.

आधी जुना डिमर पाहू. आपल्याकडे वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते, म्हणजे १०० अर्धी आवर्तनं. प्रत्येक अर्ध्या आवर्तनाचा काही भाग डिमर छाटतो. जितकी छाटणी जास्त, तितका दिवा मंद. पिवळ्या बल्बला हे चालायचं. साध्या एलईडीला मानवत नाही. ती लुकलुकते, गुणगुणते. खोक्यावर ‘डिमेबल’ लिहिलेलं आहे ना, ते बघावं.

बिनतारी डिमर दोन जातींचे. एक भिंतीच्या बोर्डात बसतो आणि छाटणी स्वतः करतो. त्याला बरेचदा न्यूट्रल वायर लागते; ती आपल्या बोर्डात आहे का, हे वायरमनला आधी विचारायचं. दुसरा म्हणजे नुसता रिमोट. तो वीज अडवत नाही, फक्त संदेश धाडतो. मंद होण्याचं काम स्मार्ट बल्ब करतो. म्हणून असा बल्ब जुन्या डिमरवर लावू नये. भिंतीवरचं मूळ बटण बंद केलं तर बल्बला काही ऐकूच येत नाही. उलट, रिमोटनं दिवा विझला तरी होल्डरमध्ये वीज असतेच! बल्ब बदलताना मेन स्विच बंद हवा.

आता जाणिवेचा मुद्दा. फेक्नर यांनी १८६० मध्ये मांडलं की संवेदना उद्दीपकाच्या लॉगॅरिथमनं वाढते. म्हणजे प्रकाश निम्मा केला तरी डोळ्याला तो निम्मा भासत नाही, बराच जास्त वाटतो. त्यामुळे ‘५० टक्के’ या आकड्यावर न जाता आपल्या डोळ्यांनी ठरवावं.

आम्हा ज्येष्ठांना रात्री दोनला उठावं लागतं. लख्ख उजेडानं डोळे दिपतात, अंधारात पाय अडखळतो. तिथे मंद दिवा खरा आधार. पण तो फक्त मुलाच्या फोनवरून लागत असेल, तर काय उपयोग? झिग्बीसारख्या पद्धतीत रिमोट आणि दिवा घरातल्या घरात बोलू शकतात, इंटरनेट लागत नाही. तेव्हा दुकानात एवढं जरूर विचारा: नेट गेलं, फोन सापडेना, तरी घरातल्या आजींना हाताशी असलेल्या बटणानं दिवा लावता येईल ना?